आबांच्या कवटीतलं छिद्र

गायकवाड मॅडम गेल्या तेव्हा मी रिपोर्टिंग रूममध्ये होतो. त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. मी समोरचा स्कॅन वाचून पूर्ण केला, सही केली आणि निघालो.

शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. मला चारचौघांत बोलता येत नाही. लिहायला बसलो की सावकाश का होईना, सुचतं. म्हणून तिथे जे सांगायचं होतं ते इथे लिहितो आहे. सगळं सांगणं शक्य नाही. एका पेशंटची हकीकत सांगतो.

आम्ही दोघंही रेडिओलॉजिस्ट. एक्स-रे, सीटी, एमआरआय बघून शरीरात काय चाललंय ते लिहून देणारे डॉक्टर. पेशंटला आमचं नाव ठाऊक नसतं. ते रिपोर्टच्या तळाशी असतं आणि तिथवर सहसा कोणी वाचत नाही. मॅडम माझ्या सीनिअर. कोथरूडच्या आमच्या डायग्नॉस्टिक सेंटरमध्ये त्या पहिल्यापासून होत्या. मी नंतर आलो आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून काम शिकलो. नाक, कान, घसा आणि जबडा हा त्यांचा खास प्रांत.

त्यांची एक पद्धत होती. अवघड स्कॅन असला की पेशंटला भेटल्याशिवाय त्या सही करत नसत. बाहेर जायच्या, बाकावर पेशंटच्या शेजारी बसायच्या आणि विचारायच्या, "काय होतंय? कधीपासून? हात लावू का?" डायरेक्टर मेहेंदळे सरांना हे पसंत नव्हतं. ते म्हणायचे, "मॅडम, आपलं काम फिल्म वाचायचं." मॅडम म्हणायच्या, "वाचतेच आहे. आधी प्रस्तावना वाचते."

त्यांचे वडील खडकीच्या कारखान्यात कामगार होते. छप्पनच्या दीक्षेच्या वेळी ते ऐन विशीत होते. त्यानंतर त्यांनी घरातले देव उतरवून तिथे पुस्तकं ठेवली. मुलगी काहीही सांगायला आली की ते एकच विचारायचे, "हे तुला कशावरून कळलं?" मॅडम हाच प्रश्न मला विचारायच्या. मी लिहिलेल्या प्रत्येक ओळीला. पहिलं वर्षभर मला त्यांची भीती वाटायची.

आबा आले ते दिवस शहरात आयटी जोरात येत होतं तेव्हाचे. आबा खराडीचे. वय पन्नाशीच्या पुढे. त्यांची जमीन आयटी पार्कच्या रस्त्यात गेली होती. ज्वारीच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांचा मुलगा संतोष आता बिल्डर लोकांबरोबर बसत-उठत होता. आबांनी मात्र दोन खिलार बैल ठेवले होते, आणि एक काम. बैलगाडा शर्यतीत माइकवरून निवेदन करायचं. गाडा सुटल्यापासून निशाण पडेपर्यंत एका दमात बोलायचं. कुठला गाडा, कुणाचा, कसा पळतोय, सगळं. आसपासच्या गावांच्या जत्रा आबांच्या आवाजाशिवाय होत नसत. संतोष म्हणाला होता, "आबांना जमीन गेल्याचं वाईट न्हाय वाटलं. माइक गेला तर मात्र अवघड हाय."

त्यांचं उजवं नाक कित्येक महिने बंद होतं. मग रक्त येऊ लागलं. ईएनटी सर्जन डॉ. साने यांनी दुर्बिणीतून बघितलं तर आत लालसर गाठ. त्यांनी छोटा तुकडा काढला, म्हणजे बायोप्सी केली. त्यात इतकं रक्त गेलं की काम आवरतं घ्यावं लागलं. तुकडा इवलासा, तोही चेंगरलेला. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: कॅन्सर आहे, नेमका कोणता ते सांगता येत नाही, बहुधा कार्सिनोमा, म्हणजे नाकाच्या अस्तरातून वाढणारा कॅन्सर. मग सीटी स्कॅनसाठी आबा आमच्याकडे आले.

स्कॅनमध्ये गाठ मोठी दिसत होती. उजवी नाकपुडी भरून ती गालाच्या पोकळीत घुसली होती आणि टाळूवर बसली होती. सान्यांचा बेत ठरलेला होता. वरच्या जबड्याचा उजवा भाग आणि अर्धी टाळू काढायची. कार्सिनोमा असेल तर तेच योग्य. पण टाळू गेली की तोंड आणि नाक एक होतं. खाल्लेलं नाकातून येतं. प्लास्टिकची टाळू बसवतात, तिने खाणं जमतं, बोलणंही बऱ्यापैकी जमतं. गाड्यामागे धावणारं बोलणं जमत नाही.

मॅडम बाहेर जाऊन आबांच्या शेजारी बसल्या.

"दुखतं का?"

"न्हाय बाई. दुखलं असतं तर आधी आलो असतो. नुसतं चोंदल्यावानी."

"वजन उतरलं?"

"माझं? हितं बैल सोडून सगळ्यांचं वाढलंय."

आत येऊन त्यांनी फिल्म परत लाइटबॉक्सवर लावल्या. मला म्हणाल्या, "निमकर, हाडाकडे बघा. काय दिसतंय?"

मी म्हणालो, "हाड गेलंय."

"कुठे गेलंय?"

मी नीट बघितलं. पोकळीची भिंत पातळ झाली होती, बाहेर वाकली होती, काही ठिकाणी दिसेनाशी झाली होती. पण कुरतडल्यासारखी नव्हती. मॅडम म्हणाल्या, "कार्सिनोमा हाड उंदरासारखं खातो. ही गाठ फुग्यासारखी ढकलते आहे. आणि आतून बघा. एवढी मोठी होऊन मध्ये कुठे सडलेली नाही. सगळी एकसारखी. रंगद्रव्य दिल्यावर सगळी एकदम उजळलीय, म्हणजे रक्ताने भरलेली आहे. हा प्रकार मला वेगळा वाटतोय."

त्यांना वाटत होतं की ही प्लाझ्मा पेशींची गाठ असावी. प्लाझ्मा पेशी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचंच एक कुळ. जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार करणं हे त्यांचं काम, आणि बहुतेक मुक्काम हाडाच्या मज्जेत. कधी कधी यातली एकच पेशी बिघडते आणि स्वतःच्या प्रती काढत सुटते. मज्जेत अनेक ठिकाणी असं झालं तर त्याला मायलोमा म्हणतात. तो सगळ्या शरीराचा आजार. पण क्वचित हाडाबाहेर, एकाच जागी गाठ होते, आणि ती जागा बहुतेकदा नाक किंवा घसा असते. अशी एकटी गाठ रेडिएशनने विरघळते. जबडा काढावा लागत नाही.

म्हणजे प्रश्न आबांच्या टाळूचा होता.

मॅडमनी सान्यांना फोन लावला. सान्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मॅडम, माझं ओटी बुक आहे. पॅथॉलॉजिस्ट कार्सिनोमा म्हणतोय."

"बहुधा म्हणतोय."

"आणि तुम्ही?"

"मीही बहुधाच म्हणतेय. दोन बहुधा झाले की एक बायोप्सी परत करतात."

"त्याला पुन्हा रक्त जाईल."

"जबडा काढताना जाणार नाही का?"

सानेही पुण्याचेच. ते म्हणाले, "तुम्ही सर्जन का नाही झालात?"

"मला घाई करता येत नाही."

बायोप्सी परत झाली. या वेळी पूर्ण तयारीनिशी, ऑपरेशन थिएटरमध्ये, चांगला मोठा तुकडा घेतला. त्यावर खास रंग चढवून तपासणी केली. प्लाझ्मा पेशी निघाल्या. सगळ्या एकाच छापाच्या. सान्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, "ओटी कॅन्सल केलंय." तेवढंच म्हणाले, पण मॅडम दुपारभर खुशीत होत्या. कँटीनमधून त्यांनी माझ्यासाठी स्वतःहून चहा मागवला. हे सहसा होत नसे.

मात्र काम अर्धंच झालं होतं. गाठ खरंच एकटी आहे का हे बघायचं होतं. त्यासाठी रक्त आणि लघवी तपासतात, मज्जेचा नमुना घेतात, आणि कवटीपासून मांडीपर्यंत हाडांचे एक्स-रे काढतात. मायलोमा हाडात छिद्रं पाडतो. कागदाला पंचिंग मशीनने पाडावीत तशी.

रक्त ठीक आलं. मज्जा ठीक आली. एक्स-रे आमच्या नव्या शाखेत निघाले. मेहेंदळे सरांनी नगर रोडला शाखा उघडली होती, खराडीच्या कंपन्यांमधल्या मुलामुलींच्या तपासण्यांसाठी. तिथे एक्स-रे काढायचे, ते टेलिफोन लाइनवरून कोथरूडला यायचे आणि आम्ही इथे स्क्रीनवर वाचायचे. पुण्यात हे तेव्हा नवलाचं होतं. सर पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवत. आबांना घराजवळ सोयीचं म्हणून तिथे पाठवलं गेलं.

कवटीच्या एक्स-रेवर, डोक्याच्या वरच्या भागात उजवीकडे, एक छिद्र दिसलं.

मी बघितलं. मॅडमनी बघितलं. सान्यांचा फोन आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "कवटीत एक लीजन आहे. पसरलाय असं धरून चला." लीजन म्हणजे आजाराने बिघडलेली जागा. त्या आवाजात काहीही न आणता बोलल्या.

संध्याकाळी संतोष सेंटरवर आला. सान्यांनी त्याला सांगितलं होतं की आता नुसत्या रेडिएशनने भागणार नाही, केमोथेरपी लागेल, आणि बरं होण्याची खात्री देता येत नाही. तो काउंटरपाशी उभा राहून म्हणाला, "डॉक्टर, आबा आता काहीच करून घ्यायचं न्हाय म्हणत्यात. म्हणत्यात, सगळीकडं गेलंच असंल तर सुया कशाला? जत्रा तोंडावर हाय. दोन जत्रा बोलून घेतो, मग काय व्हायचं ते होऊ दे." मग त्याने तोंड फिरवलं आणि बाहेर गाडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा मॅडम आधीच येऊन स्क्रीनसमोर बसल्या होत्या. आबांची कवटी समोर होती.

"निमकर, आजाराला कर्कटक कोण देतं?"

मला कळलं नाही.

"हे छिद्र बघा. किती गोल आहे. आजाराची छिद्रं गोल असतात, पण एवढी नसतात. कडेला जरा वेडीवाकडी असतात. आणि एक असलं की आजूबाजूला लहानमोठी भावंडं असतात. हे एकटंच आहे. कड बघा, गुळगुळीत आहे. आतून बाहेरून सारखं."

मी म्हणालो, "काल तुम्ही..."

"काल मी स्क्रीन बघितली. माणूस बघितला नाही. तुमची स्कूटर आहे ना खाली?"

मेहेंदळे सर दारातच भेटले. "मॅडम, कुठे? पेशंटची रांग लागलीय."

"रांगेतल्याच एकाला बघायला चाललेय."

"अहो, पण खराडीला? मग शाखा कशाला उघडली आपण?"

"एक्स-रे काढायला. चांगला निघालाय. टेक्निशियनला सांगा."

कोथरूडहून खराडी म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. मॅडम माझ्या मागे पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. येरवडा मागे पडला. मग म्हणाल्या, "माझी शंका चुकीची ठरली तर परत येताना रिक्षा करीन. तुम्हाला तोंड दाखवायचं नाही." त्यांना गंमत करायची होती बहुतेक. आवाज तसा नव्हता.

आबांचा नवा बंगला, मागे गोठा, आणि पलीकडे आयटी पार्कची क्रेन. आबा गोठ्यात बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होते. डोक्यावर पांढरी टोपी. आम्हाला बघून म्हणाले, "आता घरापर्यंत आले म्हंजे काय खरं न्हाय माझं."

"आबा, जरा बसा. टोपी काढता का?"

"टोपी?" त्यांनी संतोषकडे बघितलं. "अजून मेलो न्हाय म्या."

"म्हणून तर काढा म्हणतेय."

आबांनी टोपी काढली. केस दाट होते, पांढरे. मॅडमनी दोन्ही हातांच्या बोटांनी त्यांचं डोकं चाचपायला सुरुवात केली, सावकाश, मागून पुढे. बैल मान वळवून बघत होता. उजवीकडे, कानाच्या वर चार बोटं, त्यांचं बोट थांबलं. त्यांनी केस बाजूला केले. खाली जुना व्रण होता, पांढरट, आणि मधोमध त्वचा किंचित खोल गेलेली.

"हे काय?"

"ते व्हय? टाके हायती."

"कधीचे?"

"लगीन व्हायच्या आधीचे. शर्यतीत गाड्याम्होरं घोडी पळती, ती धरली व्हती म्या. घोडीवरनं पडलो, डोकं दगडावर. मला काय ठावं न्हाय, सुध नव्हती. सरकारी दवाखान्यात नेलं. जागा झालो तर डोकं बांधल्यालं. चुलता म्हनला, टाके पडल्यात."

"चुलते आहेत?"

"कधीच गेले."

"डोक्याला काही झालं होतं का, असं तुम्हाला कोणी विचारलं नाही?"

"नाकाच्या आजाराला डोक्याचं कोन इचारतंय, बाई?"

मॅडम हसल्या. मी त्यांना इतक्या मोठ्याने हसताना पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. डोक्याला जबर मार लागला की कधी कवटीच्या आत रक्त साठतं आणि मेंदू दाबला जातो. ते रक्त बाहेर काढायला सर्जन कवटीला ड्रिलने छिद्र पाडतात. बर होल म्हणतात त्याला. माणूस वाचतो, त्वचा जुळून येते, पण हाडातलं छिद्र बहुतेकदा तसंच राहतं. आबांच्या चुलत्यांना आतलं कोणी सांगितलं नसेल, किंवा त्यांनी पोराला सांगितलं नसेल. नाकाच्या सीटीत कवटीचा वरचा भाग घेत नाहीत, त्यामुळे आम्हालाही आधी दिसलं नव्हतं.

संतोष म्हणाला, "म्हंजे हे त्या आजाराचं न्हाय?"

"नाही असं मला वाटतं. आज तेवढ्या भागाचा सीटी काढू. मग वाटतं म्हणणार नाही."

सीटी कोथरूडला काढला. संतोष आबांना घेऊन आमच्या मागोमाग आला. छिद्र कवटीच्या आरपार, कडा गुळगुळीत, आत गाठीचा लवलेश नाही. ड्रिलचंच.

सांगायचं आहे ते यापुढचं. मॅडमना नुसता नवा रिपोर्ट पाठवता आला असता. "पुनर्तपासणीत असे आढळले" एवढं लिहिलं की पुष्कळ झाकलं जातं. आमच्या व्यवसायात ते रोज होतं आणि त्यात खोटं काही नसतं. मॅडमनी आधी फोन उचलला. आबा आणि संतोष समोर बसलेले होते.

"डॉक्टर साने, काल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. कवटीतलं छिद्र जुनं बर होल आहे. आजार एकाच जागी आहे."

मग साने म्हणाले, "लेखी द्याल?"

"देते. कालचं चुकीचं होतं हेही लेखी देते."

मेहेंदळे सरांच्या कानावर गेलं. ते आत आले आणि दार लावून म्हणाले, "मॅडम, चूक झाली, दुरुस्त झाली, छान. पण पेशंटसमोर? सेंटरचं नाव काय राहील?"

मॅडम म्हणाल्या, "सर, तळाशी सही माझी असते. चुकीचं त्यांच्याच डोक्याबद्दल सांगितलं होतं. बरोबर काय ते त्यांच्या तोंडावर सांगायला नको?"

सर दार उघडून निघून गेले. पण त्यानंतर अवघड पेशंटच्या बाबतीत शाखेतून फोन यायचा, "मॅडम येणार आहेत का बघायला, की पेशंटला तिकडे पाठवू?" ती सोय सरांनीच लावली होती. त्यांनी हे कधी कबूल केलं नाही.

आबांना रेडिएशन मिळालं. तोंड कोरडं पडलं, चव गेली, गालाची कातडी काळवंडली. भाकरी मातीसारखी लागते म्हणायचे. काही महिन्यांनी पुन्हा सीटी झाला. गाठ नव्हती. जिथे हाड दिसेनासं झालं होतं तिथे पुन्हा पांढरी रेघ दिसत होती. कॅल्शियम परत येऊन भिंत भरत होती. मॅडमनी ती रेघ मला पेनच्या टोकाने दाखवली, आणि "कशावरून कळलं?" असं न विचारता नुसत्या बघत राहिल्या.

पुढच्या चैत्रात आबांनी आम्हाला जत्रेला बोलावलं. मॅडम येतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या. घाटाच्या कडेला, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या कडेला, प्लास्टिकच्या खुर्चीवर डोक्यावर पदर घेऊन बसल्या. धूळ, हलगी, आरोळ्या. आबा मचाणावर माइक धरून उभे होते. गाडा सुटला आणि आबांचा आवाज सुटला. मधे श्वास नाही, अडखळणं नाही, टाळूवरून घसरणारं एकही अक्षर नाही. गाडा निशाणाला लागला आणि त्यांनी भिर्रर्र म्हणून आरोळी दिली तेव्हा मॅडमनी माझा हात घट्ट धरला होता.

मग दोन गाड्यांच्या मधल्या वेळात आबा माइकवरून म्हणाले, "मंडळी, पुन्याच्या डॉक्टरीणबाई आल्यात. ह्यांनी माझं डोकं उघडून बघितलं. आत काय निघालं? भोक! माझी मंडळी हेच तीस वर्सं सांगत व्हती."

लोक हसले. मॅडमनी उठून नमस्कार केला आणि लगेच बसल्या. त्यांनाही चारचौघांत बोलता यायचं नाही.

या एकट्या गाठीतून काहींना पुढे मायलोमा होतो. म्हणून तपासणी सोडायची नसते. आबा दरवर्षी येत राहिले. मॅडम निवृत्त झाल्यावरही त्या दिवशी मुद्दाम सेंटरवर यायच्या आणि स्कॅन होईपर्यंत आबांच्या शेजारी बाकावर बसायच्या. आबा त्यांना शर्यतीची खबर द्यायचे. कळायचं किती कोण जाणे, पण त्या प्रश्न विचारायच्या.

मशिनं पुष्कळ बदलली. आता अख्ख्या शरीराचा पेट स्कॅन निघतो आणि एवढंसं काही चमकलं तरी दिसतं. रिपोर्टही झटपट जातात. या सगळ्यात मी एकच गोष्ट धरून ठेवली आहे. मत द्यायला शिक्षण लागतं. दिलेलं मत दुसऱ्या दिवशी फोन करून मागे घ्यायला काय लागतं ते कुठल्या अभ्यासक्रमात नाही. ते कोणाच्या तरी शेजारी बसून बघावं लागतं.

मॅडम गेल्यानंतर महिनाभराने आबांची तपासणी होती. ते आता थकलेत, काठी घेऊन चालतात, निवेदन नातू करतो. ते बाकावर एकटे बसले होते. मी बाहेर जाऊन शेजारी बसलो. मग आत येऊन मी त्यांचा स्कॅन वाचला. गाठ नाही. टाळू शाबूत आहे.